पेपर म्हणजे लग्नपत्रिका नव्हे : शोधनिबंधावर कुणाचं नाव, कुठे आणि कसं

लग्नपत्रिकेत नावं घालायची आपल्याकडे एक रीत आहे. भावकीतले सगळे, मामा, आत्या, गल्लीतलं मंडळ, आणि तळाशी चिल्लीपिल्लींचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. कुणाचं राहिलं तर रुसवा ठरलेला. नाव घालायला काही पडत नाही, म्हणून सढळ हाताने घालतात. सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत पेपरवर नावं लागतात ती याच हिशोबाने. एचओडी म्हणजे विभागप्रमुख सरांचं आदराने, शेजारच्या विभागातल्या मॅडमचं त्यांचं प्रमोशन अडलंय म्हणून, आणि ज्या पोराने सहा महिने लॅबमध्ये काढले त्याचं शेवटी, जागा उरली तर.

पण पेपर ही पत्रिका नव्हे, तो सातबारा आहे. उताऱ्यावर नाव लागलं की जमीन तुमची आणि त्यावरचा बोजाही तुमचाच.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. बरीच वर्षं झाली, एका सहकाऱ्याने स्वतःच्या पेपरला माझं नाव लावलं. 'तुमचंही घातलंय सर' असं चहा पिताना सांगितलं, मी हसून 'बरं' म्हटलं. पेपर छापून आल्यावरच मी तो पहिल्यांदा वाचला, तोही वरवर. पुढे परदेशातल्या एका वाचकाची मेल आली: तक्ता क्रमांक तीनमधले दोन स्तंभ आकडा न् आकडा सारखे कसे? नमुने तर वेगवेगळे होते. मला उत्तर देता आलं नाही, कारण मूळ आकडे मी पाहिलेच नव्हते. त्या पेपरचं काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी, तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून काय करायचं ते कामाच्या क्रमाने.

उदाहरणाला एक काम धरू

हवेत बोलण्यापेक्षा आपल्याच मातीतलं एक काम समोर ठेवू. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवं तुम्हाला माहीतच असतील. समजा, पेवात ठेवलेल्या आणि गोदामात ठेवलेल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती उरतं, हे मोजायचं आहे. माणसं अशी: कल्पना गाईडची. नमुने गोळा करून मोजमाप करणारी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. यंत्रावर नमुने चालवून देणारे लॅब असिस्टंट. आकडेवारी तपासणारे संख्याशास्त्राचे सर. नमुने देणारा मार्केट यार्डातला अडत्या. इंग्रजी सुधारून देणाऱ्या मॅडम. केमिकलच्या बिलावर सही करणारे एचओडी. आणि ज्यांच्या परवानगीशिवाय कॉलेजात पान हलत नाही ते प्राचार्य.

यांतले लेखक किती? उत्तर ठरवण्याआधी एक पान लिहायचं आहे.

पहिलं पान, पहिला नमुना आणण्याआधी

नावांवरून होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिली. जवळजवळ सगळी पेपर लिहून झाल्यावर झालेली, कारण तोपर्यंत कुणीच काही बोललेलं नसतं आणि प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःला पहिला नंबर दिलेला असतो. बांधाचं भांडण पेरणीआधी मिटवतात तसंच हे. काम सुरू होण्याआधी एका पानावर एवढं लिहा: कामाचं नाव, यातून किती पेपर निघतील असं वाटतं, प्रत्येक पेपरचे आजच्या घडीला ठरलेले लेखक, पहिलं नाव कुणाचं आणि का, जर्नलशी पत्रव्यवहार कोण करणार, आभारात कोण, कुणी मध्येच काम सोडलं तर काय, आणि क्रम पुन्हा कधी तपासायचा. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, पोराला बँकेत नोकरी लागली, मग त्यांनी केलेल्या मोजमापांचं काय, हा प्रश्न दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या विभागात उभा राहतोच.

आता खरी अडचण. विद्यार्थ्याने गाईडला 'सर, लेखी करू या' म्हणायचं कसं? आपल्याकडे हा अविश्वास वाटतो. म्हणून करार हा शब्दच काढू नका. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाका: 'सर, नमस्कार. आज आपलं जे ठरलं ते माझ्या लक्षात राहावं म्हणून खाली लिहून काढलंय. काही चुकलं असेल तर कृपया सांगावं.' सर 'ठीक आहे' म्हणतील, कदाचित काहीच म्हणणार नाहीत. दोन्ही चालेल. तारखेसकट नोंद राहिली. हे व्हॉट्सॲपवर न करता मेलवर करा. फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचं बऱ्याचदा जातं आणि नेमकं हवं तेव्हा सापडत नाही.

गाईड असाल तर विद्यार्थ्याने मेल टाकायची वाट बघू नका, हे पान तुम्हीच काढा. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने आधी बोलावं, म्हणजे समोरच्याला धीर येतो.

लेखक कोण: चार चाळण्या

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. १९७८ मध्ये व्हँकूवरला जमलेल्या संपादकांच्या छोट्या गटातून ती उभी राहिली. तिच्या चार अटी आता वैद्यकाबाहेरही मानतात. कामाच्या कल्पनेत, आखणीत, किंवा आकडे मिळवण्यात-तपासण्यात-उलगडण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची विचारपूर्वक दुरुस्ती करण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या अंतिम प्रतीला मान्यता हवी. आणि कामातल्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न आला तर उत्तर शोधून द्यायची जबाबदारी घेतलेली हवी. चारही एकाच वेळी. चौथी अट २०१३ मध्ये आली, आणि माझ्या चहावाल्या 'बरं'ला नेमकी तीच आडवी आली.

हळदीच्या कामाला या चाळण्या लावू. गाईड आणि विद्यार्थिनी सरळ पार होतात. संख्याशास्त्राच्या सरांनी नुसतं 'ही टेस्ट लाव' म्हटलं असेल तर आभार. किती नमुने घ्यायचे, हे त्यांनीच ठरवलं असेल आणि निकालाचा अर्थ लावायला बसले असतील, तर लेखक. इंग्रजी सुधारणाऱ्या मॅडम आभारात. बिलावर सही करणारे एचओडी आणि प्राचार्य, फार तर आभारात.

लॅब असिस्टंटपाशी जरा थांबू. त्यांना आपण सवयीने 'मामा' म्हणून बाहेर ठेवतो. त्यांनी ठरलेल्या पद्धतीने नमुने चालवून दिले, तर आभारात नाव पुरे. पण आलेख विचित्र येतोय हे त्यांनीच ओळखलं, द्रावक बदलून बघू म्हणाले, आणि पद्धत त्यांच्यामुळे बसली, तर पहिली अट त्यांनी पुरी केली. मग 'त्यांनी मसुदा कुठे वाचलाय?' असं म्हणून त्यांना गाळता येत नाही. आयसीएमजेईने स्पष्ट म्हटलंय की पहिली अट पुरी करणाऱ्याला मसुदा वाचायची, सुधारायची, मान्यता द्यायची संधी दिली पाहिजे. संधीच द्यायची नाही आणि मग अटीत बसत नाही म्हणायचं, ही पळवाट आहे. मामांना इंग्रजी जड जात असेल तर मसुदा मराठीत समजावून सांगा. तासाभराचं काम आहे.

अडत्याचं नाव आभारात घाला, पण विचारून. आभारालाही संबंधिताची लेखी परवानगी घ्यावी असं मानतात, कारण आभारात नाव आलं म्हणजे निष्कर्ष त्याला मान्य आहेत असा वाचकाचा समज होतो. अडत्याने पोतं फुकट दिलं असेल तर तेही सांगा, त्याचा त्या हळदीच्या भावाशी संबंध आहे.

जाता जाता एक किस्सा. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने पेपर लिहिला, पण वाक्यं सगळी 'आम्ही'ची. एकट्या लेखकाचं 'आम्ही' जर्नलला चालणार नाही, असं कळलं. टाइपरायटरचा जमाना, सगळं पुन्हा कोण टंकणार? त्याने आपल्या मांजराला सहलेखक करून टाकलं, एफ. डी. सी. विलर्ड या नावाने. पेपर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आला. आपण हसतो, पण मांजराने निदान प्रमोशन तरी मागितलं नाही.

सरांना 'नाही' कसं म्हणायचं

थेट म्हणू नका. फॉर्मवर ढकला. आज बऱ्याच जर्नलांत प्रत्येक लेखकाने काय काम केलं ते भरावं लागतं. त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पडताळणी, डेटाची निगराणी, साधनसामग्री, आलेख-चित्रं, देखरेख, प्रकल्पाची व्यवस्था, निधी मिळवणं, पहिला मसुदा, दुरुस्ती. मग नम्रपणे विचारायचं, 'सर, फॉर्ममध्ये प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहायचंय. तुमच्या नावापुढे काय लिहू?' अर्धे पाहुणे इथेच उठतात. उरलेले 'देखरेख लिही' म्हणतात. मग पुढचं वाक्य: 'चालेल सर, मसुदा पाठवते. तुमच्या दुरुस्त्या आणि मान्यता मेलवर आली की लगेच सबमिट करते.' आता त्यांना वाचावं तरी लागेल. वाचून खरंच काही सुचवलं, तर पाहुण्याचा घरचा माणूस झाला म्हणायचं. तरीही कुणी अडून बसलंच, तर विद्यार्थ्याने एकट्याने लढू नये. प्रबंध त्यांच्या हातात असतो, हे मला कळतं. वर सांगितलेल्या नोंदी जपून ठेवा आणि विभागाबाहेरच्या एखाद्या ज्येष्ठाला विश्वासात घ्या.

या पाहुणचाराला आपले नियमही खतपाणी घालतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार प्राध्यापकांचे संशोधन-गुण मोजताना दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे तीन लेखक असोत की सहा, पहिल्याचे ७० कायम. चार पाहुणे वाढले तरी त्याच्या ताटातली भाजी कमी होत नाही. अशा पंगतीत कोण कुणाला उठवणार?

क्रमाबद्दल थोडक्यात. प्रयोगशास्त्रात ज्याने सर्वांत जास्त काम केलं तो पहिला आणि गाईड शेवटी, अशी सर्वसाधारण रीत. गणितात आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा पेपर ५,१५४ लेखकांचा होता आणि त्याच्या ३३ पानांतली २४ पानं नावांनी आणि संस्थांनीच भरली होती. तिथे क्रमाला काय अर्थ. तुमच्या विषयातली रीत बघा आणि ती त्या पहिल्या पानावर लिहा.

काम चालू असताना

वही ठेवा. पानांना आकडे घातलेली, शाईने लिहिलेली, तारखा असलेली. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा, खाडाखोड नको. यंत्रातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि तिच्या प्रतीवरच काम करा. त्या फोल्डराची एक प्रत गाईडकडे, एक कॉलेजच्या ड्राइव्हवर. सांगलीत पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलेल्या माणसाला दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी का ठेवायची हे सांगावं लागत नाही.

आणखी एक: न जुळलेले आकडे गाळू नका. बारापैकी दोन नमुन्यांना बुरशी आली म्हणून ते वगळले असतील, तर पेपरमध्ये तसं लिहा. वगळणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे.

उचललेला मजकूर

झेरॉक्सच्या दुकानांत 'प्लेजरिझम काढून मिळेल' अशा पाट्या बघून मला हसूही येतं आणि रडूही. सॉफ्टवेअर साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. शब्द फिरवून चार टक्क्यांवर आणलेली चोरी चोरीच राहते. उलट पद्धतीच्या वर्णनात थोडं साम्य आलं म्हणून कुणी चोर ठरत नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत पहिली पातळी, ६० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. प्रबंध पहिल्या पातळीत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, दुसऱ्यात वर्षभर देता येत नाही, तिसऱ्यात नोंदणीच रद्द. प्राध्यापकाच्या पेपरला दुसऱ्या पातळीवर एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं गाईडशिप बंद. तिसऱ्यावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला संदर्भासह मजकूर, नेहमीच्या संज्ञा, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य हे मोजणीतून वगळलेलं आहे.

आपल्याकडे एक खास प्रकार आहे. मराठी पुस्तकातला उतारा इंग्रजीत करून संदर्भाशिवाय वापरायचा. सॉफ्टवेअरला सापडत नाही, म्हणून तो आपला होत नाही. स्वतःचा जुना मजकूर नव्या पेपरात घालताना जुन्या पेपरचा उल्लेखही टाळू नका.

एआयचं काय

वापरा, पण सांगा. एआयला लेखक करता येत नाही, कारण तो चौथी अट पुरी करू शकत नाही: उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायला तो उभा राहणार नाही. 'कोप' या प्रकाशन-नीतीवरच्या समितीने २०२३ मध्ये हेच म्हटलं आणि मोठ्या प्रकाशकांचीही भूमिका तीच आहे. पेपरात एक वाक्य घाला: 'मराठीत लिहिलेल्या टिपणांचं इंग्रजी करण्यासाठी अमुक साधन वापरलं, नंतर सर्व लेखकांनी मजकूर तपासला, जबाबदारी आमची.' यात कमीपणा काय आहे? मराठी माध्यमातून शिकलेल्या पोराने इंग्रजीची मदत घेतली तर घेतली. पण संदर्भ एआयकडून घेऊ नका. नसलेले पेपर तो खऱ्यासारखे रचून देतो. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, ब्राउझरमध्ये टाकून पान उघडतं का, ते स्वतः बघा. आणि परीक्षणासाठी आलेला दुसऱ्याचा पेपर एआयमध्ये टाकू नका. तो विश्वासाने दिलेला असतो.

जर्नल निवडताना

पूर्वी 'यूजीसी-केअरमध्ये', म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, 'आहे का?' एवढं विचारलं की भागायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. आता पारख आपली आपण करायची. हरिपूरच्या रस्त्यावर भेळ घेतानासुद्धा आपण गाडा बघून घेतो, इथे तर नावाचा प्रश्न आहे. संपादक मंडळातल्या दोन माणसांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, त्यांनी या जर्नलचा उल्लेख केलाय का? जुन्या अंकातले तीन पेपर खरोखर वाचा. पैसे किती, कधी आणि कशाचे, हे आधीच लिहिलंय का? 'तीन दिवसांत स्वीकृती' म्हणजे परीक्षण झालेलंच नाही. आयएसएसएन हा जर्नलचा नुसता नोंदणी क्रमांक आहे, गाडीच्या नंबरसारखा. गाडी चालते का ते त्यावरून कळत नाही. मोठ्या नावानेही हुरळून जाऊ नका. वायली या प्रकाशकाला २०२३ मध्ये आपल्या हिंदावी या शाखेतले ८,००० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले.

'लेखक म्हणून दुसरी जागा शिल्लक, दर अमुक' असे मेसेज तुम्हालाही येत असतील. ते पेपर-गिरण्यांचे, म्हणजे पैसे घेऊन पेपर रचून विकणाऱ्यांचे, असतात. तिथे नाव विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या बोजासकट जमीन घेणं.

घाईमागचं एक कारण आता यूजीसीच्या पातळीवर तरी गेलंय: नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र बघून घ्या.

सबमिट करताना

प्रत्येक लेखकाचा त्याचा स्वतःचा मेल पत्ता द्या. सगळ्यांच्या नावापुढे एकाच माणसाने उघडलेले पत्ते असले, तर जर्नलचं 'तुम्हाला हा पेपर माहीत आहे का?' हे पत्र बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. १६ अंकी, फुकट, पाच मिनिटांत मिळतो आणि पाटील-जाधवांच्या गर्दीत तुम्ही नेमके कोण ते कळतं. पैसे कुणाचे, कुणाचा हितसंबंध, मूळ आकडे कुठे मिळतील, या रकान्यांत 'काही नाही' लिहिण्याआधी विचार करा. हळदीच्या कामाला मसाला कंपनीने यंत्राचा खर्च दिला असेल आणि तुम्ही तो सांगितलात, तर वाचक तेवढं लक्षात घेऊन वाचेल. लपवलात आणि पुढे कळलं, तर बाकीचं खरं असलेलंही कुणी मानणार नाही.

नाव चुकलं, लागलं किंवा गळलं तर

छापायच्या आधी लेखक वाढवायचा-काढायचा असेल, तर जर्नल सगळ्यांची लेखी संमती मागतं, निघून जाणाऱ्याचीही. छापून झाल्यावर तुमचं नाव न विचारता लागलेलं किंवा गाळलेलं दिसलं, तर आधी लेखकांना लिहा, पंधरा दिवस द्या, मग संपादकाला. पत्रात राग नको. तारखा, मेलच्या प्रती, वहीची पानं जोडा. संपादक न्यायाधीश नसतो. नावांचा वाद मिटला नाही तर तो संस्थेला चौकशी करायला सांगतो, आणि निकाल आला की दुरुस्ती छापतो. महिने लागतात. तेव्हा ते पहिलं पान तुमच्यासाठी साक्ष देतं.

माझ्या पेपरचं असंच झालं. सहकाऱ्याकडे मूळ फाइल नव्हती, संगणक मोडीत गेला होता. मी संपादकाला आहे ते लिहिलं: आकडे मी तपासले नव्हते, नाव लागू द्यायला नको होतं. पेपर मागे घेतला गेला. सहकारी वर्षभर बोलला नाही.

बायोडेटातून मी तो काढलेला नाही. यादीत सातव्या क्रमांकावर आहे, पुढे कंसात 'मागे घेतला'. मध्यंतरी एका समितीने विचारलंच, हे काय? सांगायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी आठव्या क्रमांकाबद्दल विचारलं.